सायकियाट्री वॉर्डात पोस्टिंग लागलंय? आधी घरच्यांचं म्हणणं विचारा

नवीन पोस्टिंगवाल्या मुली विचारतात ताई काय वाचून येऊ, तर औषधं वाचाच, पण त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे आलेल्या माणसाला स्वतःला काय झालंय असं वाटतं ते विचारायला शिका. हे मी चुकून शिकले. पहिल्याच वर्षी एक आई वीस-बावीस वर्षांच्या पोराला घेऊन आली, म्हणाली सिस्टर भावकीतल्या कुणीतरी करणी केलीय. मी लगेच म्हटलं मावशी असं काही नसतं हो, हा मेंदूचा आजार आहे. ती गप्प बसली, मला वाटलं पटलं. तिसऱ्या दिवशी कागदावर अंगठा देऊन पोराला घेऊन गेली आणि सात-आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा घोट्यावर साखळीचे वण होते. मी खोटं काहीच बोलले नव्हते, पण तिचं ऐकून घ्यायच्या आधी बोलले, आणि ते वण मला अजून दिसतात.

म्हणून आता हिस्ट्री घेताना आधी हेच विचारते, तुम्हाला काय वाटतं हे कशामुळं झालं, घरातले बाकीचे काय म्हणतात, आतापर्यंत कुठं कुठं दाखवलं, तिथं काय करायला सांगितलं, कशानं थोडं तरी बरं वाटलं, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, यासाठी सोळा प्रश्नांची मुलाखतच दिलीय, पण मतलब हाच. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. करणी, भानामती, बाहेरचं, लागीर, जे म्हणतील ते तसंच, आपल्या मनानं 'भ्रम' लिहून मोकळं व्हायचं नाही. बऱ्याच बायका उदास वाटतं असं म्हणतच नाहीत, त्या म्हणतात जीव घाबरतो, डोक्यात मुंग्या येतात, कशात जीव लागत नाही, तर बीपी बघाच पण झोप, जेवण आणि जीव द्यायचे विचार येतात का हेही विचारा, आणि ते नवरा-सासू बाजूला नसताना.

अंगात येणं हा वेगळा विषय आहे, इथं घाई नको. नवरात्रात, जत्रेत, आरतीच्या वेळी अंगात येतं, थोड्या वेळानं उतरतं, बाई उठून स्वैपाकाला लागते, आजूबाजूचे लोकही ते मानतात, याला आजार म्हणायचं कारण नाही. पण कधीही, कुठंही यायला लागलं, नंतर झोप नाही, अंघोळ नाही, ती स्वतःच त्रासून गेलीय, किंवा गावातलेच म्हणतायत की हे काही देवीचं वारं नाही, तर डॉक्टरांना नीट सांगा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ पण हेच सांगतं, की समाजाच्या चालीरीती किंवा धार्मिक समजुती न पाळणं एवढ्यावरून कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही.

देवऋषीकडं जाऊ नका म्हणून भांडू नका. गाणगापूरला जायचंय, दर्ग्यात जायचंय, जा म्हणावं पण गोळी चुकवू नका. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ दोन्ही एकाच आवारात देऊन बघितलंय, त्यातून शिकण्यासारखं आहे. पण मारहाण, साखळी, मिरचीची धुरी आली की तिथं गप्प बसायचं नाही, ते महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सिनियरना लगेच कळवा. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले २८ पेशंट गेले, पळताच आलं नाही त्यांना.

आता उपवासाचं, कारण हे हमखास सुटतं. लिथियम हे मूडच्या आजाराचं औषध चालू असलेल्या माणसानं निर्जळी एकादशी किंवा रोजा धरला, नाहीतर अळणी जेवण सुरू केलं, की रक्तातलं लिथियम वाढू शकतं, हात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं असं दिसलं की पुढचा डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन. त्यामुळं अॅडमिशनलाच विचारून ठेवा कुठले उपवास करता. चौविहार करणाऱ्या, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैन आजी रात्रीची गोळी पाण्याबरोबर घेणारच नाहीत, तोंडात धरून नंतर टाकून देतील आणि आपण लिहिणार गोळी दिली, त्यापेक्षा सूर्यास्ताआधी देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांपासून बनवलेलं असतं, कुणी विचारलं तर खरं सांगा आणि त्याच औषधाची साधी गोळी मिळते का बघा.

ईसीटीच्या (विजेच्या झटक्याच्या उपचाराच्या) आधी काचेच्या बांगड्या काढायच्या असतील तर 'फोडा' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, आपल्याकडं बांगड्या वाढवतात. साबण लावून हळूच उतरवा. मंगळसूत्र तिच्यासमोरच घरच्यांच्या हातात द्या, वारकरी बाबांची तुळशीची माळ न विचारता कापू नका. गळफासाची भीती असेल तर काढावंच लागतं, पण कारण सांगून. आणि उवा झाल्यात म्हणून जबरदस्तीनं डोकं भादरायचं नाही, त्याच २०१७च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे नको म्हणायचा पेशंटला हक्क आहे, स्वतःचे कपडे घालायचाही.

भाषा पण बघा. मेळघाटातली कोरकू बोलणारी बाई मराठीत नुसती हो हो म्हणते, तेव्हा भाषा येणारी आशाताई किंवा वॉर्डातली मावशी शोधा, नवऱ्याला दुभाषा करू नका. आणि कितीही गडबड असो, पेशंटला अगं-अरे नको.

डिस्चार्जच्या दिवशी घरचे विचारतात लग्न केलं की बरा होईल ना. हसू नका, रागावू नका, सांगा की लग्न हे औषध नाही, आणि मुलीकडच्यांपासून लपवून गोळ्या बंद केल्या की आजार उलटतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आईच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या, तिथं मराठीत बोलता येतं. फॉलोअपची तारीख टाकायच्या आधी पोटापाण्याचं विचारा, बीडकडचं कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलं की पाच-सहा महिने येत नाही, त्यांना पुढच्या महिन्याची तारीख देऊन काय उपयोग, ज्या कारखान्याला जाणारेत तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी मागून घ्या आणि गोळ्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, अवकाळी पाऊस आला की त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी शिरतं.