स्टार्टर ऑटोवर ठेवू नका: स्वतःच्या रागाशी झगडताना होणाऱ्या चुका

सांगलीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. मी कोणी महाराज नाही, सकाळी एक माळ जप करतो आणि जमलं तर वर्षातून एकदा सज्जनगडावर जाऊन येतो एवढंच माझं अध्यात्म. पण जळालेल्या मोटरी लई बघितल्यात आणि स्वतःचं डोकं किती वेळा जळालं त्याचाही हिशोब आहे, आणि खरं सांगतो, दोन्हीकडचा फॉल्ट बऱ्याचदा एकाच जागी सापडतो.

शेतकरी मोटर घेऊन येतो आणि टेम्पोतनं उतरायच्या आधीच म्हणतो, "मिस्त्री, लायटीनं घात केला बघा." उघडून बघितलं की कळतं. काही कॉइल काळ्याठिक्कर आणि काही अगदी कोऱ्या, म्हणजे लायटीच्या तीन फेजपैकी एक गेलेला आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत राहिलेली. म्हणजे लायटीचा दोष आहेच, माणूस खोटं बोलत नाही. पण मग विचारलं की "आबा, स्टार्टरचा रिले का नाही पडला?" की आबा इकडंतिकडं बघतात. रिले म्हणजे मोटरीवर लोड वाढला की ट्रिप होऊन तिला बंद पाडणारा भाग. तो सारखा ट्रिप होतोय म्हणून कोणीतरी पार शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला असतो, नाहीतर रिले मधनं काढून सरळ डायरेक्ट करून टाकलेला, आणि वर ऑटो बसवलेला, म्हणजे रात्री दोनला लाईट आली तरी मोटर आपोआप चालू आणि मालक घरात झोपलेला.

माझं पण असंच होतं. कोणी काही बोललं की माझ्या आत आपोआप चालू, मालक झोपलेला.

चूक पहिली: "त्यानं मला राग आणला"

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन. बायकोनं राग आणला, गिऱ्हाईकानं आणला, पोरानं आणला. आपल्या मराठीतच याचं उत्तर पडलंय पण आपलं लक्ष जात नाही. राग *येतो* म्हणतो आपण, जशी झोप येते, शिंक येते. तिथं आपलं काही चालत नाही, आला तर आला. पण त्याच्या पुढची सगळी क्रियापदं बघा की: राग काढला, राग धरला, राग गिळला, राग सोडला. हे सगळं करणारा कोण, मीच ना. येणं लायटीसारखं आहे, बाहेरनं येतं, त्यावर माझी सही नाही. काढायचा का धरायचा का सोडायचा, तो स्टार्टर माझ्या शेडमध्ये आहे.

मी एक उपाय केला, करून बघा, फुकट आहे. रात्री झोपताना दिवसातलं एक भांडण घ्यायचं आणि ते फक्त "मी" पासून सुरू होणाऱ्या वाक्यांत सांगायचं. "तो उशिरा आला" हे चालणार नाही. "मी घड्याळाकडं चार वेळा बघितलं, मी मनात त्याला शिव्या दिल्या, मी तो आल्या आल्या बोललो." पहिले आठ दिवस एवढा कंटाळा येतो, कारण दुसऱ्याचा भाग काढला की गोष्ट अगदी छोटी होते आणि आपली बाजू बरोबर दिसायची ती तशी दिसतच नाही.

चूक दुसरी: राग गिळला म्हणजे जिंकला

यावर जरा जास्त बोलतो कारण मी यात दहा वर्षं घालवली. लग्नानंतर सुरुवातीला मी ओरडायचो. मग कुठंतरी ऐकलं की क्रोध हा षड्रिपूंमधला मोठा शत्रू, त्याला आवरा, म्हणून मी ओरडणं बंद केलं आणि अबोला धरायला लागलो. जेवायला बसायचो, वाढलेलं खायचो, ताट उचलून ठेवायचो, शब्द नाही. मला वाटायचं वा, काय संयम आहे आपला. एकदा असाच सहा दिवस अबोला झाला आणि सातव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा ओरडा हो एकदाचं. ओरडलेलं अर्ध्या तासात संपतं तरी. हे घरात मयत झाल्यासारखं किती दिवस चालायचं?"

माझं तोंडच बंद झालं, म्हणजे होतंच बंद, पण आता वेगळ्या कारणानं.

ओरडणारी मोटर निदान आवाज करते, माणूस पळत जाऊन बंद करतो. घुमणारी मोटर लांबनं ऐकली तर चालू आहे असंच वाटतं, आतनं वायंडिंग भाजत असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ती साखळी सांगितलीय ना, एखाद्या गोष्टीचा विचार घोळवत राहिलं की आसक्ती, आसक्तीतनं इच्छा, इच्छेतनं क्रोध, क्रोधातनं भ्रम, मग स्मृती जाते आणि बुद्धी जाते. मी नेहमी क्रोध या शब्दापाशी थांबायचो. पण साखळीची सुरुवात घोळवण्यापासून आहे, आणि अबोल्यात माणूस दुसरं काय करतो? तेच घोळवतो. सहा दिवस.

मग गिळायचा नाही, काढायचा नाही, तर करायचं काय? बोलायचं. साधं, एका वाक्यात. "मला आत्ता राग आलाय, मी अर्ध्या तासानं बोलतो." आणि अर्ध्या तासानं खरंच बोलायचं, ही दुसरी अट लोक विसरतात (मी पण).

चूक तिसरी: धोका पातळीची वाट बघणं

सांगलीकरांना हे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2019 ला तर 57 फुटांच्या वर गेलं होतं. आता पावसाळ्यात आपण सगळे कसे बघतो, 32 झालं, 35 झालं, कोयनेतनं किती सोडलं, ग्रुपवर दर तासाला आकडा. 38 ला खालच्या गल्लीतले लोक सामान वर न्यायला लागतात. 45 ची वाट कोणी बघत नाही.

आणि स्वतःच्या बाबतीत सगळे 45 लाच जागे होतात. "मला कळलंच नाही हो, एकदम डोकं फिरलं." एकदम काही फिरत नाही. माझी इशारा पातळी मला आता माहितेय: कान गरम होतात, पान्हा जोरात आपटला जातो, आणि मी समोरच्याला एकदम "अहो साहेब" म्हणायला लागतो. ज्या माणसाला मी रोज "काय रे" म्हणतो त्याला "साहेब" म्हटलं की समजायचं 40 झालं. तुमची वेगळी असेल, कोणाचा जबडा आवळतो, कोणी रात्री अकरा वाजता भावकीच्या ग्रुपवर लांबलचक टाइप करायला लागतो. तो मेसेज तर पाठवूच नका, सकाळपर्यंत ठेवा, सकाळी स्वतःलाच हसू येतं नाहीतर लाज.

इशाऱ्याला काय करायचं तर फार काही नाही. जागा बदलायची, पाणी प्यायचं, श्वास सोडताना घेण्यापेक्षा सावकाश सोडायचा पाच-दहा वेळा. छातीची धडधड त्यानं खरंच खाली येते. 45 च्या वर यातलं काही उपयोगाचं नाही, तेव्हा फक्त तिथनं निघून जाता आलं तर जा.

आणि पुराचं म्हणाल तर दरवर्षी वाद होतोच, कोयनेनं आधी का नाही सोडलं, अलमट्टीनं का अडवलं. तो हिशोब मागायलाच पाहिजे, सोडू नये. पण तो वाद घालत कोणी घरातलं धान्य पाण्यात ठेवत नाही.

चूक चौथी: साधना करतो म्हणून सूट

ही चूक फक्त देवाधर्माच्या माणसांना होते आणि म्हणून जास्त बेकार. सकाळी माळ चालू, शेजारच्या खोलीत पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघतंय मोठ्या आवाजात, आणि मी माळेतला मणी तसाच बोटात धरून अशी शिवी हासडली की पोरगं नाही, मीच दचकलो. जप मोडला म्हणून राग आला होता! नाव घेतोय कशासाठी आणि चाललंय काय.

लोणंद ते फलटण मी दोन-तीन वेळा वारीत चाललोय. तिथं सगळे एकमेकांना माऊली म्हणतात हे तर माहितेय तुम्हाला. तरडगावच्या मुक्कामी पाण्याच्या टँकरपाशी रांग मोडली की तोच शब्द कसा निघतो ते ऐका एकदा. "ओ माऊली! डोळे फुटलेत का माऊली? मागं व्हा!" शब्द माऊलीच, पण त्यातनं पार हाणामारी निघते. मी पण त्या रांगेत होतो आणि मी पण तसंच बोललो, वर मनात की आपण चालत आलोय, आपल्याला हक्क आहे. चालून चालून पाय दुखले होते, अहंकाराला फोडसुद्धा आला नव्हता.

समर्थांनी मनाचे श्लोक 205 लिहिले आणि बोलणं सगळं स्वतःच्या मनाशी चाललंय, "मना" म्हणून. आपण ते पाठ करतो आणि वापरतो दुसऱ्याच्या मनासाठी. बायको चिडली की लगेच क्रोधावरचा श्लोक म्हणून दाखवायचा. असं करू नका, घरात भांडी पडतील, आणि पडली तर चूक भांड्यांची नाही.

साडेसाती, राशी, प्रारब्ध यांच्यावर ढकलणं पण यातच आलं, त्यावर वेगळं बोलत नाही. शनीला पण कामं आहेत.

चूक पाचवी: "सॉरी, पण..."

"पण" च्या पुढं जे येतं ते म्हणजे मोटर परत ऑटोवर. "मी ओरडायला नको होतं" इथं पूर्णविराम. तोंडातनं "पण" निघाला तर खोकला काढा.

चूक सहावी: सगळंच स्वतःवर घेणं

आता उलटी बाजू. काही लोक जबाबदारी शब्द ऐकला की स्वतःला झोडपायलाच लागतात, मीच वाईट, माझ्यातच खोट, माझं काही होणार नाही. ऐकायला नम्र वाटतं पण यात पण काम टाळलंच जातं, कारण "माझं काही होणार नाही" म्हटलं की उद्या सकाळी काही करायचंच उरत नाही. मोटर जळाली तर रडत बसत नाहीत, रिवाइंड करून रिले नीट सेट करतात.

आणि एक गोष्ट कडक सांगतो. घरात कोणी मारतंय, पैशासाठी छळतंय, तर तिथं "तू तुझी प्रतिक्रिया बघ" असा सल्ला देणारा माणूस अध्यात्मिक नाही, निर्दयी आहे. तिथं राग येणं बरोबर आहे आणि मदत मागणं ही पण प्रतिक्रियेची जबाबदारीच आहे. बायकांसाठी 181 ला फोन करता येतो. आणि झोप उडालीय, आठवडे झाले काही गोड लागत नाही, जीव नकोसा वाटतो, तर जप वाढवून थांबू नका, डॉक्टरला दाखवा, सरकारचा 14416 हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, तिथं बोला. नाव सोबत घ्या की, कोण नाही म्हणतंय.

एवढं करून परत तेच होतंय

होणारच. रिले बसवला म्हणून लाईट सुधारत नाही, फेज जायचा तो जातोच. फरक एवढाच की आधी महिन्यातनं चार वेळा वायंडिंग जळायचं, आता ट्रिप होतंय. ट्रिप झालं की लोक वैतागतात, "परत पडला मिस्त्री, काढून टाका तो रिले." अहो पडला म्हणजे काम करतोय तो.

एक शेवटची युक्ती, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली पण सगळ्यात जड गेलेली. दुकानात माझ्या हाताखाली एक पोरगं आहे, अठरा-एकोणीसचं, मला मामा म्हणतं. त्याच्यावर मी चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो होतो, चुकीची वायर कापली म्हणून, आणि वायर मीच चुकीची दाखवली होती. त्या दिवशी माफी मागितली ("पण" न लावता) आणि त्याला सांगितलं की माझा आवाज चढला की तू फक्त "मामा, लोड" म्हणायचं, मी काही बोलणार नाही. दोन महिने ते घाबरून म्हणालंच नाही.

परवा एक गिऱ्हाईक तिसऱ्यांदा तीच मोटर घेऊन आलं, परत डायरेक्ट करून जाळलेली, आणि बिलावरनं वाद घालायला लागलं. माझे कान गरम झाले, मी "अहो साहेब" पर्यंत पोचलो होतो, आणि मागनं बारीक आवाज आला, "मामा, लोड." आधी मी त्या पोरावरच वळलो, तोंड उघडलं होतं. मग तसाच बाहेर जाऊन टपरीवर तीन चहा सांगितले, आणि आत येऊन गिऱ्हाईकाला म्हटलं, बसा, आधी तुमचा स्टार्टर कसा जोडलाय ते सांगा.