ड्रोसोफिलाचे नर-मादी ओळखताना या चुका टाळा

झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या फळमाशीची बाटली हातात आली की जवळपास सगळे एकच गोष्ट बघतात, पोटाचं टोक काळं म्हणजे नर आणि नुसते पट्टे म्हणजे मादी, आणि काउंट गंडतो तो इथेच. कारण कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी नर असो की मादी, फिकटच असते, रंग चढायला काही तास जातात. असा फिकट नर व्हर्जिन (अजून नराशी मीलन न झालेली) मादी समजून क्रॉसमध्ये, म्हणजे ठरवून लावलेल्या संकरात टाकला की पुढच्या पिढीचा सगळा रेशो बोंबलला.

त्यामुळे रंग राहू द्या, पुढचे पाय बघा. माशी उताणी करा, मायक्रोस्कोपचं झूम वाढवा. नराच्या पुढच्या पायावर जाड काळ्या केसांची इवलीशी फणी दिसते, साधारण 10-12 दात, तिलाच सेक्स कोंब म्हणतात, नुकत्याच निघालेल्या नरालाही ती असतेच, मादीला कधीच नसते. माझ्या मते परीक्षेत याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

साइझवर तर जाऊच नका. मादी थोडी मोठी असते हे खरं, पण बाटलीत अळ्यांची गर्दी झाली की माद्यासुद्धा बारक्याच निघतात.

पंख चुरगळलेले दिसले म्हणून लगेच व्हेस्टिजियल म्यूटंट (जनुकातल्या बदलामुळे खुरटे पंख असलेली माशी) लिहू नका, ताज्या माशीचे पंख अजून उघडलेलेच नसतात, तासाभराने परत बघा. पोटात गडद ठिपका दिसला तर ती नक्की ताजी, व्हर्जिन शोधताना हा ठिपका फार कामाचा (25 डिग्रीला मादी साधारण 8 तासांच्या आत वेगळी काढायची, हे माहीत असेलच).

माश्या बेशुद्ध करायला दिलेलं इथर जास्त झालं की पंख वर ताठ उभे राहतात, ती माशी मेली, तिचा क्रॉससाठी उपयोग नाही. बेशुद्ध माश्या परत टाकताना बाटली आडवी ठेवा, नाहीतर सगळ्या फूडला चिकटून मरतात.

आणि घरी केळ्याच्या सालीवर पकडलेली प्रत्येक माशी मेलानोगॅस्टर नसते हो. डोक्यापाठीवर चंदेरी पट्टे असले तर ती झॅप्रिओनस इंडियानस, आपल्याकडे भरपूर सापडते. ड्रोसोफिला ॲनानासी या दुसऱ्या जातीच्या नराचं तर पोटाचं टोकही काळं नसतं, फणीसुद्धा आडव्या ओळींची असते, म्हणून रेशो काढायचा असेल तर लॅबचाच स्टॉक घ्या.