या चुका टाळा : स्टेंटनंतर हृदयधमनीला येणारा खोटा फुगवटा

कोकणातल्या रुग्णांची अँजिओप्लास्टी (अरुंद हृदयधमनी बलूनने रुंद करून तिथे स्टेंटची जाळी बसवणे) बहुधा मुंबईला किंवा कोल्हापूरला होते आणि नंतरच्या तपासण्या आमच्यासारख्या इथल्या डॉक्टरांकडे येतात. त्यामुळे तिथे झालेली इजा ओळखण्याची वेळही आमच्यावरच येते.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. खऱ्या फुगवट्यात ते तिन्ही ताणले जातात. खोट्या फुगवट्यात, म्हणजे स्युडोॲन्युरिझममध्ये, भिंत फाटलेली असते आणि रक्त केवळ बाहेरच्या थराने किंवा भोवतालच्या ऊतींनी थोपवून धरलेले असते. तो फुटला, तर हृदयावरणात रक्त साचून हृदय दाबले जाते.

हर्णैच्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाने, 31 जुलैला मासेमारीबंदी उठण्यापूर्वी सगळे आटोपावे म्हणून, जूनमध्येच स्टेंट बसवून घेतला. तीन आठवड्यांनी छातीत दडपण आणि बारीक ताप घेऊन तो आला, तेव्हा टू-डी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, विसंबून मी त्याला पित्ताचे औषध दिले. धमनीवरचा लहान फुगवटा इकोत सहसा दिसत नाही, हे मला ठाऊक होते. ती चूक मला आजही डाचते. पुढच्या खेपेस त्याच्या मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, अँजिओप्लास्टीच्या चित्रीकरणाची सीडी आणली. धमनी कॅल्शियमने कडक झालेली, जेमतेम तीन मिलिमीटरची. अहवालात मात्र साडेतीन मिलिमीटरचा बलून जास्त दाबाने फुगवल्याची नोंद होती. शेवटच्या चित्रात डाय (एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडलेले द्रव्य) पुढे सरकत असताना स्टेंटबाहेर डाळीएवढा ठिपका रेंगाळला होता आणि चित्रीकरण नेमके तिथेच थांबवलेले होते. पुन्हा अँजिओग्राफी केली, तेव्हा त्या ठिपक्याची पिशवी झालेली होती. आयव्हसमध्ये, म्हणजे धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत, तुटलेली भिंत स्पष्ट दिसली. पीटीएफई या प्लॅस्टिकचे अस्तर असलेला स्टेंट आत बसवून पिशवीचे तोंड बंद करावे लागले.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, काम करताना डाय पूर्ण वाहून जाईपर्यंत मी चित्रीकरणाच्या पॅडलवरून पाय उचलत नसे, आणि शेवटचे चित्र दोन वेगळ्या कोनांतून घेत असे. यात काही सेकंद जातात; तेवढाही धीर नसलेल्या नवशिक्यांनी बलूनला हात लावू नये. कडक धमनीत आधी कॅल्शियम फोडावे, दाब वाढवून काम उरकू नये.

स्टेंटनंतर ताप असेल, तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातल्या जंतूंची तपासणी, घेतल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नये. नळी जांघेतून घातली असेल, तर तिथेही खोटा फुगवटा येऊ शकतो; म्हणून जांघेतली ठणकणारी, नाडीबरोबर उडणारी गाठ केवळ रक्त साकळले म्हणून सोडू नये, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा. अस्तराच्या स्टेंटमध्ये गुठळीचा धोका अधिक असल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत. आणि डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता प्रत्येकाकडून सीडी मागून घ्यावी.