जोडटर्बो बसवताय? आधी तेलाची परतीची वाट बघा
समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या रत्नागिरीकरांनो, इंजिनाला बाहेरचे दोन टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, चढवताना बूस्टचा, म्हणजे त्या हवेच्या वाढीव दाबाचा, आकडा जरा बाजूला ठेवा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे मारतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. तेल दाबाने आत येतं, परत मात्र फक्त उताराने सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, जातं. म्हणून परतीचा पाइप जाड, शक्यतो सरळ खाली उतरणारा हवा आणि सम्पमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. दोनपैकी एका टर्बोला जागा मिळते, दुसऱ्याचा पाइप कशाकशाला वळसा घालून नेतात. मध्ये पोटासारखा झोल राहिला की तेल तुंबतं, सीलमधून गळतं, सायलेन्सरातून निळा धूर. मग शिव्या टर्बोला!

तेलाच्या जोडणीला सिलिकॉन पेस्ट नको. सुटलेला एक कणही बारीक वाट बुजवतो.

पहिल्या स्टार्टआधी टर्बोच्या वरच्या, तेल आत येण्याच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओता, चाक बोटाने फिरवा. मग इंधन आणि इग्निशन तोडून, थांबत थांबत, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा.

आणि आपली खारी हवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याचे) स्टड, म्हणजे आटे पाडलेले खिळे, गंजून एकजीव होतात. तुटलेले चार स्टड ड्रिलने काढण्यात माझा अख्खा रविवार गेलाय. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, पण मग कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) तसाच मारू नका, स्टड जास्त ताणला जातो.