पेटंट शोधताना या चुका टाळा: काजूच्या बीपासून हळदीपर्यंत

पेटंटचा शोध घेणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत शून्य निकालामुळे होते. कल्पना सुचली, दोन-तीन शब्द टाइप केले, काहीच सापडले नाही, की आपल्या आधी हे कोणालाच सुचलेले नाही असे मानून माणूस अर्ज लिहायला बसतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या ‘एस्पासनेट’ या विनामूल्य साधनात पंधरा कोटींहून अधिक दस्तऐवज आहेत. तेथे खरोखरच काही नसण्यापेक्षा आपण चुकीच्या शब्दांनी शोधले असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

सिंधुदुर्गातील किंवा गोव्यातील एखाद्या काजू कारखानदाराने बी फोडण्याच्या यंत्रात सुधारणा केली आहे, असे धरू. त्याच्या तोंडी ‘काजू कटिंग’ हा शब्द असल्यामुळे तो ‘कॅश्यू कटिंग मशीन’ असे टाइप करतो. पेटंट लिहिणारे मात्र याच कामाला शेलिंग, हलिंग, क्रॅकिंग, डिकॉर्टिकेटिंग यांपैकी काहीही म्हणतात. शिवाय संरक्षणाची व्याप्ती वाढावी म्हणून ते पुष्कळदा काजूचे नावही घेत नाहीत आणि केवळ ‘कठीण कवचाचे फळ’ एवढेच लिहितात. म्हणून शोधापूर्वी कागदावर तीन रकाने आखावेत: वस्तू कोणती, तिच्यावर क्रिया कोणती आणि ती कशाने होते. प्रत्येक रकान्यात सुचतील तेवढे पर्यायी शब्द लिहावेत. एका रकान्यातील शब्द ‘ऑर’ने आणि रकाने एकमेकांशी ‘अँड’ने जोडावेत. कंस विसरले तर संगणक शब्दांची जोडणी स्वतःच्या नियमाने करतो आणि हजारो असंबद्ध निकाल समोर येतात. ‘शेल’ हा शब्द तर उष्णता-विनिमयकांपासून तोफगोळ्यांपर्यंत सर्वत्र भेटतो. शब्दाची अपूर्ण रूपे शोधण्याची चिन्हेही प्रत्येक साधनात सारखी चालत नाहीत. एस्पासनेटमध्ये तारांकन कितीही अक्षरांसाठी आणि प्रश्नचिन्ह शून्य किंवा एका अक्षरासाठी वापरतात. हा नियम दुसऱ्या साधनात तसाच उचलून नेऊ नये, तेथील मदतपान आधी वाचावे.

भाषेचा अडथळा याहून मोठा आहे. ब्राझील हा काजूचा मूळ देश असल्याने तेथील दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये असणार हे उघड आहे. (‘काजू’ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबरच आला, त्यामुळे गोव्याच्या वाचकाला ‘काझू’ असे वाचताना फारसे परके वाटू नये.) जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ‘पेटंटस्कोप’मध्ये एका भाषेतील शब्द देऊन इतर भाषांतील पर्यायांसह शोध घेण्याची सोय आहे. ती फारच थोडे लोक वापरतात.

मात्र शब्दांची ही सारी कसरत निम्म्यावर आणणारे साधन म्हणजे वर्गीकरण, आणि नवख्यांकडून नेमके तेच वगळले जाते. पेटंट कार्यालयातील परीक्षक प्रत्येक दस्तऐवजाला विषयानुसार संकेतांक देतात. कवचफळे सोलण्याच्या व फोडण्याच्या यंत्रांचा आंतरराष्ट्रीय गट ए२३एन ५/०० आहे. दस्तऐवज कोणत्याही भाषेत असो, यंत्राला लेखकाने कोणतेही नाव दिलेले असो, तो या गटात सापडू शकतो. संकेतांक पाठ करण्याची गरज नाही. शब्दांनी शोधून खरोखर जवळचे दोन-तीन दस्तऐवज मिळवावेत, त्यांच्या पहिल्या पानावरील संकेतांक टिपावेत आणि मग त्या संकेतांकांनी पुन्हा शोधावे. युरोप आणि अमेरिका यांच्या कार्यालयांनी २०१३ पासून लागू केलेले संयुक्त वर्गीकरण अधिक बारीक असल्याने तेही पाहावे. तरीही एकाच गटावर विसंबणे धोक्याचे असते. पात्याच्या रचनेवर भर असलेले यंत्र कापण्याच्या यंत्रांच्या बी२६डी या वर्गातही गेलेले असू शकते.

भारतीय अर्जांसाठी ‘इन्पास’ ही पेटंट कार्यालयाची स्वतःची शोधप्रणाली वापरावीच लागते. तेथे प्रकाशित अर्ज आणि मंजूर पेटंटे यांची निवड वेगवेगळी असते. एकच खूण केली तर अर्धे चित्र दिसते. जुनी तपशीलपत्रे चित्ररूपात साठवलेली असल्याने त्यांतील मजकूर शोधाला सापडेलच असे नाही, म्हणून शीर्षक, अर्जदार आणि संकेतांक यांनीही स्वतंत्रपणे शोधावे. ‘क्रमांक सापडत नाही’ ही तक्रार मात्र बहुधा क्रमांक चुकीच्या स्वरूपात लिहिल्यामुळे येते. जुन्या क्रमांकांत मुंबई कार्यालयासाठी एम-यू-एम ही अक्षरे येत. आताच्या बारा अंकी क्रमांकात पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा आणि सहावा अर्जाच्या प्रकाराचा असतो. म्हणजे २०२४२१ ने सुरू होणारा क्रमांक २०२४ साली मुंबईत दाखल झालेल्या सामान्य अर्जाचा असतो.

काळाचे गणित चुकल्याने होणारे नुकसान शोध संपल्यानंतर कळते. अर्ज साधारणपणे अग्रक्रम-तारखेपासून, म्हणजे त्या कल्पनेचा पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून, १८ महिन्यांनी प्रकाशित होतो, त्यामुळे आज केलेल्या शोधात गेल्या दीड वर्षातील बहुतेक अर्ज दिसतच नाहीत. तुमच्या आधी दाखल झालेला आणि तुमच्या नंतर प्रकाशित झालेला भारतीय अर्जही तुमच्या आड येऊ शकतो, म्हणून अर्ज केल्यानंतर दीड वर्षाने तोच शोध पुन्हा करावा. परदेशी कंपनीचा आंतरराष्ट्रीय अर्ज भारतात आणण्यासाठी अग्रक्रम-तारखेपासून ३१ महिन्यांची मुदत असते. तोवर भारतीय नोंद दिसली नाही, यावरून ती येणारच नाही असे म्हणता येत नाही.

नवीनता तपासणे आणि उत्पादनाचा मार्ग मोकळा आहे का हे तपासणे, या दोन कामांची गल्लतही वारंवार होते. अमेरिकेतील पेटंट भारतात तुम्हाला उत्पादनापासून रोखू शकत नाही, परंतु तुमची कल्पना नवीन नाही हे दाखवायला ते पुरेसे ठरते, मग त्याची मुदत केव्हाच संपलेली असली तरी. पहिल्या कामात संपूर्ण मजकूर आणि आकृत्या वाचाव्या लागतात. दुसऱ्यात जिवंत पेटंटांचे दावे, म्हणजे संरक्षण नेमके कशाला आहे हे सांगणारी कलमे, शब्दशः वाचावे लागतात; सारांश वाचून निर्णय घेणे तेथे अंगाशी येते. पेटंट जिवंत आहे की नाही हेही गूगल पेटंट्सवरील स्थितीवरून ठरवू नये, कारण ती स्थिती म्हणजे कायदेशीर निष्कर्ष नव्हे, असे ते संकेतस्थळच सांगते. संबंधित देशाची अधिकृत नोंदवही पाहावी. भारतात शुल्क न भरल्याने बंद पडलेले पेटंटसुद्धा १८ महिन्यांच्या आत अर्ज करून पुन्हा सुरू करून घेता येते.

केवळ पेटंटेच शोधण्याची चूक किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्या घरातल्या हळदीचे आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मंजूर झाले होते. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक होते. त्या संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेख असे पुरावे मांडले, आणि १९९७ मध्ये त्या पेटंटचे दावे नाकारले गेले. पुरावे छापील होते, जुने होते, पण पेटंटांच्या संग्रहात नव्हते. काजू कारखानदारानेही कृषी विद्यापीठांचे प्रबंध, यंत्रविक्रेत्यांची माहितीपत्रके, जुन्या चित्रफिती आणि प्रदर्शनांतील छापील साहित्य पाहिल्याशिवाय शोध पुरा झाला असे मानू नये.

विश्लेषणाचे तक्ते काढणाऱ्यांची एक ठरलेली चूक म्हणजे एकाच कल्पनेचे अनेक देशांतील अर्ज वेगवेगळे मोजणे. असे सारे अर्ज मिळून एक पेटंट-कुटुंब होते, मोजणी त्या कुटुंबांची हवी. एकच संस्था संक्षिप्त नावाने, पूर्ण नावाने आणि चुकीच्या वर्णलेखनाने नोंदलेली असते, ती नावे आधी एक करावीत. आलेखाच्या शेवटी दिसणारी घसरण पाहून ‘या क्षेत्रातील संशोधन ओसरले’ असे लिहिणारे अहवाल मला नेहमी गमतीचे वाटतात, कारण ती घसरण अप्रकाशित अर्जांच्या त्या दीड वर्षाचीच असते.

प्रत्येक शोधाची तारीख, वापरलेले साधन, टाइप केलेली नेमकी ओळ आणि निकालांची संख्या एका वहीत उतरवून ठेवावी. दीड वर्षाने पुन्हा शोधायला बसाल तेव्हा नवे काय आले, हे त्या ओळींशिवाय ठरवता येणार नाही.