गुगलवर रेटिंग २.९ आहे? लिस्टिंग काढण्याआधी या चुका टाळा

उन्हाळ्यात ओळखीच्या एका मेसवाल्या काकांचा रात्री अकराला फोन आला. "अरे, ते गुगलवरचं आमचं नाव काढून टाक बघू. दोन पॉइंट नऊ दाखवतंय. त्यापेक्षा नसलेलं बरं." दुसऱ्या दिवशी गेलो तर काका गल्ल्यावर बसून मोबाइलवर एकच रिव्ह्यू पुन्हा पुन्हा वाचत होते: "पोळ्या गार, आमटीचं पाणी, मालक उद्धट."

पहिली चूक इथेच होते. आपण काढलं की ते जाईल, असं वाटतं. जात नाही. बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवरचं तुमच्या धंद्याचं पान, तुमच्या खात्यातून काढलंत तर जातो तो तुमचा ताबा. नकाशावरची जागा आणि लोकांचे रिव्ह्यू तिथेच राहू शकतात. वर उत्तर द्यायची सोय गेली आणि वेळा बदलायचीही. 'कायमचं बंद' अशी खूण केलीत तरी रिव्ह्यू दिसतातच, शिवाय चालू मेस बंद पडली म्हणून गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत वळतं.

मग कोणीतरी सुचवतं, त्याच पत्त्यावर नवीन प्रोफाइल काढा. तेच नाव, तोच धंदा असेल तर गुगल ते डुप्लिकेट धरतं. नवं प्रोफाइल थांबवलं जातं किंवा जुन्यात मिसळलं जातं. नुसती जागा बदलली असेल तर जुन्यातच पत्ता बदलायचा. मेस विकली, नवा मालक, नवं नाव, असं असेल तर मात्र जुनं बंद दाखवून नवं काढणं रास्त आहे.

आता आकडा. काकांचे रिव्ह्यू ४०, सरासरी २.९. ती ४.० वर न्यायची तर सलग ४४ जणांनी पाच तारे द्यायला हवेत. हे ऐकून काका खचले. पण सरासरीकडे बघत बसणं हीच दुसरी मोठी चूक. आम्ही एक तारा मिळालेले सगळे रिव्ह्यू वहीत उतरवले. ११ निघाले. त्यातले पाच रविवारी रात्री येऊन कुलूप बघून गेलेल्यांचे! मेस रविवारी संध्याकाळी बंद असते हे सगळ्या पेठेला ठाऊक, पण गुगलवर 'उघडं' लिहिलेलं. दोन तर शेजारच्या गल्लीतल्या तशाच नावाच्या मेसबद्दल होते. पोळ्यांवर बोलणारे तिघेच, आणि काका झोप घालवत होते त्यातल्या एकापायी.

वेळ बदलायला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या मेसचे दोन रिव्ह्यू रिपोर्ट केले. एक निघाला, एक राहिला. खोटा, शिवीगाळीचा किंवा विषयाला सोडून असलेला मजकूर असेल तरच रिपोर्टचा उपयोग. 'आम्हाला झोंबलं' हे कारण चालत नाही.

भाच्यांकडून, पोऱ्यांकडून पाच तारे लिहून घेऊ नका. 'रिव्ह्यू द्या, ताक फुकट' हेही गुगलच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं आयएस १९०००:२०२२ हे मानक ऐच्छिक म्हणून आलं असलं तरी विकत घेतलेले रिव्ह्यू नकोत, असंच सांगतं.

राहिलं उत्तर. काकांचा पहिला मसुदा होता: "एवढंच होतं तर आईच्या हातचं खायचं होतं." मी तो खोडला. मग विचारलं, पोळ्या खरंच गार असतात का? जरा वेळ गप्प बसून म्हणाले, "दोननंतर असतात." शेवटी गेलं ते असं: "दोननंतर आलात तर पोळ्या गार मिळाल्या असतील, चूक आमची. आता दीडला तवा परत ठेवतो." आणि तवा खरंच ठेवायला लागले, हे महत्त्वाचं. नाहीतर उत्तर नुसतं उघडं पाडतं.

डिलिव्हरी ॲपचं गणित निराळं. तिथे प्रत्येक ऑर्डरमागे कमिशन जातं, म्हणून महिन्याच्या ऑर्डरी आणि हातात उरलेले पैसे मांडून, परवडत नसेल तर खुशाल बाहेर पडा. गुगलला काही द्यावं लागत नाही, आणि तुम्ही नसलात तरी जागेचं पान दुसरा कोणीही तयार करू शकतो.

काकांचं रेटिंग आता ३.२ आहे. रात्रीचे फोन थांबलेले नाहीत. परवा विचारत होते, "अरे, हा मुलगा दोन वेळा भात घेऊन गेला, आणि तीनच तारे?"