पटावर ४०, वर्गात २८: शिक्षण प्रकल्प तपासताना या चुका टाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या सीएसआरचे (सामाजिक कामासाठी बाजूला काढलेले) पैसे देतात, संस्था तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांत नाहीतर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर काम करतात आणि दोन-तीन वर्षांनी प्रकल्पांचं मूल्यमापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना फोन येतो, "मॅडम, जरा इम्पॅक्ट बघून द्या ना." बहुतेक वेळा मार्चअखेर असते आणि रिपोर्ट कालच हवा असतो. या घाईत काही चुका हमखास होतात. पहिली मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिते.

गळालेली मुलं विसरणे

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची तपासणी, ऑगस्टमध्ये केली; एंडलाइन, म्हणजे शेवटची, फेब्रुवारीत. वाचता येणाऱ्या मुलांची टक्केवारी झकास वाढली. संस्था खूश, फंडर खूश, मीही खूश. रिपोर्ट गेल्यावर कच्च्या याद्या चाळायला बसले तर ऑगस्टमधली बरीच नावं फेब्रुवारीत नव्हतीच. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एसटीत बसून याद्या बनवताना सुचलं नाही, एवढंच.

हिशेब करून बघा. समजा, ऑगस्टमध्ये ४० मुलं तपासली आणि १८ जणांनी गोष्ट वाचली. ४५ टक्के. मग १२ मुलं भट्टीवर गेली, त्यांतल्या एकालाच वाचता येत होतं. फेब्रुवारीत उरली २८, वाचणारी १७. जवळजवळ ६१ टक्के! कुणी एक अक्षर नवं शिकलेलं नाही आणि आलेख वर गेला.

म्हणून यादी नावानिशी ठेवा आणि दोन्ही वेळा सापडलेल्या मुलांचीच तुलना करा. गळालेल्यांचा बेसलाइनचा निकाल वेगळ्या तक्त्यात दाखवा, तोही रिपोर्टच्या पुढच्या पानांवर. ऑगस्टची तुलना पुढच्या ऑगस्टशी करा. शाळेत शिक्षण हमी कार्डांची (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेल्या कार्डांची) नोंद मागा, कोण कुठे गेलं याचा धागा तिथे मिळतो. तुर्भ्यात भट्टी नसते, पण भाडं वाढलं की कुटुंब खोली बदलतं आणि मूल शाळा बदलतं. हजेरीपटावर शेरा एकच: "गावी गेला".

पट वाढला म्हणजे शिक्षण वाढलं असं धरणे

ही चूक जगभराची आहे. युगांडानं १९९७ मध्ये प्राथमिक शाळांची फी माफ केली आणि साधारण ३० लाखांवरचा पट ५० लाखांच्या पुढे गेला. वर्ग मात्र तेवढेच होते, त्यामुळे एकेका गुरुजींपुढे गर्दी झाली. जागतिक बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन गटानं २००६ साली बँकेच्या प्राथमिक शिक्षणावरच्या मदतीचा आढावा घेतला, त्यातही हेच निघालं: मुलं शाळेत आली, पण ती किती शिकली याचं उद्दिष्ट फार थोड्या प्रकल्पांनी ठेवलं होतं. आपल्याकडे तर पट फुगवण्याचाच इतिहास आहे. ऑक्टोबर २०११ मधली राज्यभरची पटपडताळणी आठवते ना? सगळ्या शाळांत एकदम मुलं मोजली, तर पटावरची बरीच मुलं वर्गात नव्हतीच. शिक्षकांची पदं पटावरच्या संख्येवर मंजूर होतात, मग तो आकडा कसा राहणार सोवळ्यातला!

मी हल्ली हजेरीपट मागण्याआधी खिचडीच्या वेळी नळाजवळ उभी राहते आणि विसळायला येणाऱ्या ताटल्या मोजते. तेही न कळवता गेलेल्या दिवशी. कळवून गेलात तर मुलांनी आधीच रांगोळी काढलेली असते आणि धाकटी भावंडंसुद्धा बाकावर बसलेली असतात.

पाठांतराला वाचन समजणे

दिघ्याजवळच्या एका वर्गात दुसरीतल्या मुलीनं धडा धाडधाड वाचून दाखवला. आवाज खणखणीत. बोट मात्र पहिल्या ओळीवरच थांबलेलं, तोंड शेवटच्या ओळीला पोचलेलं. मी मधलाच शब्द झाकून खालचा विचारला, तर ती चित्राकडे बघायला लागली. मजकूर पुस्तकातला घेऊ नका. बेसलाइनचा उतारा शाळेत सोडून येऊ नका, नाहीतर वर्षभर तोच शिकवला जातो. एकेका मुलाला बाजूला बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासा. 'असर' हे ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण २००५ पासून साधारण असंच करतं, तेही घरी जाऊन, त्यामुळे शाळेत न आलेलं मूलही हाती लागतं. सूचना मुलाला कळेल त्या बोलीत द्या. कातकरी घरातल्या मुलाला पुस्तकी मराठीत "अधोरेखित कर" म्हटलं तर तो कोराच दिसणार.

तुलनेला कुणीच नसणे

मूल वर्षभरात थोडंफार शिकतंच, प्रकल्प असो वा नसो. कोविडनंतर शाळा उघडल्यावर ज्यांनी बेसलाइन घेतली, त्यांचे आकडे तर आपोआप चढले. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी प्रयोगात (मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणी वेगळं शिकवत) कोणत्या शाळेत कुठल्या इयत्तेला मदत मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, म्हणून निकालावर भरवसा ठेवता आला. मागे पडलेल्या मुलांचे गुण खरंच वाढले. पण प्रकल्प संपल्यावर एक वर्षानं पुन्हा तपासलं, तेव्हा फायदा बराचसा ओसरला होता. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले बॅनर्जी आणि डुफ्लो या अभ्यासात होते. तुम्हाला चिठ्ठ्या टाकणं जमणार नाही. निदान त्याच केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांच्या गटातल्या), प्रकल्प नसलेल्या तीन-चार शाळा धरा आणि वर्षानं परत जा. मोठ्या कंपन्यांना सीएसआरचा २०२१ पासूनचा नियमही तेच सांगतो: १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पाचं मूल्यमापन तो पूर्ण होऊन वर्ष झाल्यावर, तेही बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून.

वाटलेल्या वस्तू मोजून यश मानण्याच्या चुकीवर फार लिहीत नाही. केनियात पाठ्यपुस्तकं वाटली, ती इंग्रजीत होती, फायदा आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला. आपल्याकडे टॅब कपाटात असतात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. कपाट उघडायला लावा, टॅब चालू करून बघा.

कोटेशन देताना, गळालेल्या मुलांना भट्टीवरच जाऊन तपासायला बजेटमध्ये दोन दिवस धरायला विसरू नका. ठाण्याहून भिवंडीकडच्या भट्ट्या काही फार लांब नाहीत. गाडीभाडं, पाड्यावरचा एक ओळखीचा माणूस आणि मुकादमाशी आधी बोलणं, एवढ्यावर काम होतं. सकाळी लवकर पोचा, ऊन चढलं की मुलं लहान भावंडांना घेऊन झोपडीत शिरतात. हात चिखलाचे असतात, तेव्हा उताऱ्याचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्या.